रिकाम्या जागेची सूचना : वेल्समधल्या मराठी मंडळींना खुलं पत्र

प्रति,
वेल्समध्ये राहणाऱ्या सर्व मराठी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

६ डिसेंबर २०२४ ची संध्याकाळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. पावणेसातच्या सुमाराला घरातले सगळे फोन एकदम भोंग्यासारखे किंचाळले. डारा वादळाचा सरकारी इशारा होता तो, वेल्स आणि नैर्ऋत्य इंग्लंडमधल्या सुमारे ३० लाख लोकांना एकाच वेळी गेलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे ३ ते सकाळी ११ लाल इशारा होता. आमच्याकडे, म्हणजे पश्चिमेला टायवी नदीच्या खोऱ्यात, शनिवारी पहाटे वीज गेली ती बुधवारी आली. आमचं पाणी बोअरचं, त्यामुळे पंप बंद म्हणजे नळ बंद. घर तापवणारा बॉयलर तेलाचा, पण त्यालाही वीज लागतेच. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या आणि त्यांना दिवसातून दोनदा नेब्युलायझर लागायचा.

शनिवारी दुपारी दार वाजलं. बाहेर आमच्या वरच्या अंगाच्या शेतावरचा शेतकरी, नखशिखान्त भिजलेला. वाटेत आडवं पडलेलं अ‍ॅशचं झाड त्याने करवतीने कापून ट्रॅक्टरने बाजूला ओढलं होतं. खिशातून त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घातलेला एक कागद काढला. त्यावर वाडीवस्तीवरच्या घरांची यादी होती. कोण एकटं राहतं, कुणाकडे तान्हं मूल आहे, कुणाला यंत्रावर औषध घ्यावं लागतं. आमच्या घरापुढे त्याने प्रश्नचिन्ह केलं होतं. आत कोण आहे, काय लागतं, हे त्याला माहीत नव्हतं. आम्ही कधी सांगितलंच नव्हतं. गावच्या हॉलमध्ये जनरेटर चालू आहे, आईंना घेऊन या, सूप तयार आहे, असं सांगून तो पुढच्या घराकडे गेला.

ही यादी कम्युनिटी कौन्सिलच्या आपत्कालीन आराखड्यातली होती. तो शेतकरी त्या कौन्सिलचा सदस्य होता, गेली कित्येक वर्षं. आणि मी त्या गावात अकरा वर्षं राहत होते. इथल्या शाळेची सभा मी कधी चुकवली नाही, कार्डिफच्या गणपतीला दरवर्षी अडीच तास गाडी हाकत गेले, पण आपल्या गावाला एक कौन्सिल आहे, ती महिन्यातून एकदा घरापासून दीड मैलावर बसते, हे मला धड ठाऊक नव्हतं. ते प्रश्नचिन्ह माझ्या मनातून अजून पुसलं गेलेलं नाही. म्हणून हे पत्र.

फेब्रुवारीत मी पहिल्यांदा सभेला जाऊन मागे बसले. त्याच वर्षी शरद ऋतूत एक जागा रिकामी होती, तिच्यावर कौन्सिलने मला स्वीकृत सदस्य म्हणून घेतलं. एवढ्या थोड्या अनुभवावर मी मोठा अधिकार सांगणार नाही. पण जे पाहिलं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

कम्युनिटी कौन्सिल म्हणजे वेल्समधलं सगळ्यात खालच्या पायरीवरचं लोकनियुक्त शासन. १८९४ च्या कायद्याने गावोगाव पॅरिश कौन्सिलं आली आणि चर्चच्या बैठकीकडे असलेला गावचा कारभार लोकांनी निवडलेल्या माणसांकडे आला. वेल्समध्ये १९७४ पासून त्यांच्या जागी कम्युनिटी कौन्सिलं आली. वेल्श भाषेत ‘कंगोर कमिनेद’. आज अशी कौन्सिलं सातशेहून अधिक आहेत. त्यांच्या वर २२ काउंटी कौन्सिलं, त्यांच्या वर कार्डिफचं सरकार.

आपल्या ग्रामपंचायतीची आठवण येणारच, पण फरक मोठे आहेत. इथे थेट निवडलेला सरपंच नाही. दर मे महिन्यात सदस्य आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात. वरून उतरणाऱ्या योजना नाहीत, घरकुलं नाहीत, पाणीपट्टी नाही. आपला ग्रामसेवक जिल्हा परिषदेचा नोकर. इथला क्लार्क हा कौन्सिलचाच नोकर, आणि लहान गावात आठवड्याचे मोजके तास काम करणारा. आमच्या क्लार्कबाई स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळं दप्तर सांभाळतात. विषयपत्रिका, इतिवृत्त, हिशेब, पत्रव्यवहार, स्मशानभूमीची नोंदवही, सगळं.

मग ही कौन्सिल करते काय? आमची करते ते सांगते. गावच्या स्मशानभूमीतलं गवत कापून घेते. खेळाच्या मैदानातले झोपाळे आणि घसरगुंडी यांची दरवर्षी तज्ज्ञाकडून तपासणी करून घेते, आणि अहवालात एखादी साखळी झिजली असं आलं की ती बदलेपर्यंत झोपाळा बांधून ठेवते. बसथांब्याचं छप्पर, नदीकाठचे दोन बाक, सूचनाफलक तिचे. जुन्या लाल टेलिफोनच्या खोक्यात हृदय बंद पडल्यावर झटका द्यायचं यंत्र बसवलेलं आहे, त्याची बॅटरी आणि पॅड वेळेवर बदलणं तिच्याकडे. पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मारकाची देखभाल तिच्याकडे. त्या दगडावर नावांपुढे शेतांची नावं कोरली आहेत, कारण निम्मा गाव जोन्स आणि डेव्हिस. कुठला जोन्स ते शेताच्या नावावरूनच कळतं. नावापुढे गाव लावणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बरीच गावं याहून जास्त करतात. काउंटी कौन्सिलांकडे पैसा आटला तशी सार्वजनिक स्वच्छतागृहं, मैदानं, हॉल गावांकडे सोपवली गेली. घ्या, नाहीतर कुलूप लागेल, अशी ती निवड असते. ज्या गावाकडे चालवायला माणसं होती तिथे दिवे चालू राहिले.

पैसा येतो तो तुमच्याच खिशातून. कौन्सिल टॅक्सच्या बिलावर काउंटी आणि पोलीस यांच्या खाली एक छोटी ओळ असते, कम्युनिटी कौन्सिलची. तिला प्रीसेप्ट म्हणतात. ती रक्कम हिवाळ्यात ठरते, आणि आमच्याकडे त्या सभेत सगळ्यात जास्त वेळ गवत कापण्याच्या कंत्राटावर जातो. मला आधी वाटलं होतं की हा वेळेचा अपव्यय आहे. पण कापणी वर्षातून किती वेळा करायची, यावर खरोखर दोन बाजू आहेत. ज्यांचे आईवडील तिथे पुरलेत त्यांना गवत गुडघ्याएवढं झालेलं बघवत नाही. आणि २०१६ च्या पर्यावरण कायद्याने कौन्सिलवर जैवविविधता जपण्याचं कर्तव्य टाकलं आहे, म्हणून रानफुलांचं बी पडेपर्यंत एक कोपरा राखायला हवा. अखेर उत्तरेकडचा जुना कोपरा, जिथे आता कुणी भेट द्यायला येत नाही, तो जुलैअखेरपर्यंत न कापायचं ठरलं. त्या कोपऱ्यातही एका कुटुंबाची कबर आहे, असं एका सदस्याने सांगितल्यावर तिच्यापर्यंतची पायवाट तेवढी कापायची, अशी ओळ इतिवृत्तात घातली गेली. एवढ्या बारकाईने कुणी आपल्या गावाकडे बघतं याचं मला भरून आलं.

एक खास तरतूद आहे, १९७२ च्या कायद्यातलं १३७ वं कलम. ज्या कामासाठी दुसरा कुठला अधिकार नाही, पण गावाच्या भल्याचं आहे, त्यावर मतदारामागे ठराविक रकमेपर्यंत खर्च करता येतो. २०२५-२६ साठी ती ११ पौंडांच्या आसपास होती. त्यातून देणग्या जातात. हवाई रुग्णवाहिकेला, तरुण शेतकऱ्यांच्या मंडळाला, गावच्या आइस्टेद्वोदला, म्हणजे गाणी-कवितांच्या वेल्श स्पर्धा-उत्सवाला, आणि ‘पापुर ब्रो’ला. पापुर ब्रो म्हणजे पंचक्रोशीतले लोक स्वखुशीने चालवतात ते वेल्श मासिक वृत्तपत्र. १९७३ पासून ही चळवळ चालू आहे. कुणाच्या मुलीने पियानोत बक्षीस मिळवलं, कुणाची गाय जत्रेत पहिली आली, कोण वारलं, हे त्यात असतं.

आता इतिवृत्ताबद्दल. माझी आई सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात महिला राखीव जागेवर निवडून आली होती. पंचायतीचा शिपाई प्रोसिडिंगचं बुक घरी घेऊन यायचा. सभा झालेलीच नसायची. आई विचारायची, ‘काय लिहिलंय ते आधी वाचून दाखव.’ तो म्हणायचा, ‘वहिनी, सगळ्यांच्या सह्या झाल्यात.’ पाच वर्षांत तिने तीन वेळा सही करायला नकार दिला आणि तिन्ही वेळा घरात भांडण झालं. इथल्या माझ्या पहिल्याच सभेत मागच्या महिन्याचं इतिवृत्त समोर आलं. एका म्हाताऱ्या सदस्याने हात वर केला: ‘मान्य केलं’ असं लिहिलंय, आपण ‘विचारार्थ घेतलं’ असं ठरवलं होतं. चर्चा झाली, शब्द बदलला, शाई वाळायच्या आत अध्यक्षांनी सगळ्यांसमोर सही केली. मला आईची फार आठवण झाली. पुढचा विषय त्याच वृद्ध सदस्याच्या शेतालगतच्या पायवाटेचा होता. आपला हितसंबंध आहे असं सांगून तो उठला आणि बाहेर पोर्चमध्ये जाऊन उभा राहिला. नियमच आहे तसा. पाऊस होता. दहा मिनिटांनी त्याला आत बोलावलं तेव्हा काय ठरलं ते त्याने विचारलंही नाही.

सगळं असंच आदर्श चालतं असं मी म्हणत नाही. सभा कधी तीन तास रेंगाळते. जुनी भांडणं असतात. हिशेब वेळेवर न झाल्यामुळे लेखापरीक्षकांचे ताशेरे ओढवून घेणारी कौन्सिलं कमी नाहीत. आणि अधिकार फार थोडे आहेत. रस्त्यातले खड्डे, कचरा, शाळा हे सगळं काउंटीचं. बांधकामाच्या अर्जांवर कौन्सिल फक्त मत कळवू शकते. निर्णय वरचे घेतात आणि पुष्कळदा उलटा घेतात. असं झालं की पुढच्या सभेत खोलीत एक जडपणा असतो. पण कळवणं थांबत नाही. इथून जवळच, कार्मार्थनशरमध्ये, १९६३ साली स्वॉन्सी शहराला पाणी हवं म्हणून ग्वेन्द्राइथ फाख या छोट्या नदीचं खोरं बुडवायचं ठरत होतं. लँगन्देर्नच्या गावकऱ्यांनी शेतांच्या फाटकांना साखळ्या आणि कुलपं लावली, मोजणीवाल्यांना आत येऊ दिलं नाही, आणि १९६५ पर्यंत ती लढाई जिंकली. धरण दुसरीकडे झालं. उत्तरेत कापेल केलिन हे गाव मात्र त्याच वर्षी, १९६५ साली, लिव्हरपूलच्या पाण्यासाठी बुडालं. पार्लमेंटमध्ये वेल्सच्या ३६ पैकी ३५ खासदारांचा विरोध असूनही. मुळशी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला हे परकं वाटणार नाही. आज इथल्या खोऱ्यांतून विजेचे मनोरे न्यायचे प्रस्ताव आले की लहानशा हॉलमधली माणसं एवढी सावध का होतात, ते मला आता कळतं.

आता या पत्रातला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग.

आमच्या कौन्सिलची भाषा वेल्श आहे. २०२१ च्या जनगणनेत आमच्या केरेडिग्यॉन काउंटीत ४५.३ टक्के लोकांना वेल्श येत होती. दहा वर्षांपूर्वी ४७.३ येत होती. मी पहिल्यांदा जाऊन बसले तेव्हा अध्यक्षांनी माझ्याकडे बघून हसून स्वागत केलं आणि सभा इंग्रजीत सुरू केली. माझ्यासाठी. मला बरं वाटलं. पण अर्ध्या तासाने लक्षात आलं की एक बाई, ज्यांना मी दुकानात घडाघडा बोलताना ऐकलं होतं, त्या एकेका वाक्यात बोलून गप्प बसत होत्या. त्यांना इंग्रजी येत होतं, पण गावच्या पुलाबद्दल त्या आयुष्यात कधी इंग्रजीत बोलल्या नव्हत्या.

पुण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत हेच मी कितीदा पाहिलं आहे. पंचवीस मराठी माणसं आणि एक नवा शेजारी, ‘हिंदी में बोलिए ना’, आणि सगळी सभा सौजन्याने हिंदीत. मग जोशीकाकू बोलायच्याच नाहीत. त्या वेळी मला राग यायचा तो त्या शेजाऱ्याचा. इथे तो शेजारी मी होते.

दुसऱ्या दिवशी मी क्लार्कबाईंना विचारलं, भाषांतराची सोय होऊ शकते का? म्हणजे सभा वेल्शमध्ये चालेल आणि मी कानाला यंत्र लावून ऐकेन. त्यांनी पुढच्या विषयपत्रिकेवर तो विषय घेतला. दुभाषाचा खर्च लहान कौन्सिलला जड असतो, त्यामुळे चर्चा झाली, पण मंजूर झालं. आता एक तरुण मुलगा कोपऱ्यात बसून हलक्या आवाजात भाषांतर करतो, मी आणि आणखी दोघं हेडफोन लावतो. त्या बाई पुलावर पंधरा मिनिटं बोलल्या. मी दर मंगळवारी वेल्शच्या वर्गाला जाते आणि आता हजेरी, दिलगिरी, प्रस्ताव, अनुमोदन एवढं हेडफोनशिवाय कळतं.

म्हणून विनंती अशी. सभेला जाल तेव्हा, आणि तुमचं गाव वेल्श बोलणारं असेल तर, तुमच्यासाठी भाषा बदलू देऊ नका. हेडफोन मागा. नसतील तर मिळेपर्यंत मागत राहा. भाषा सौजन्यापोटी कशी मागे सरते ते आपल्याला घरून माहीत आहे.

आपल्यापैकी अनेक जण म्हणतात, आपण कुठे इथले? रुग्णालयाचं कंत्राट संपलं की बदली, मुलं मोठी झाली की लंडन. मी पण म्हणायचे. पण आपली माणसं इथे जन्मतात तशी इथे जातातही. कार्डिफमध्ये लँडाफला टाफ नदीच्या काठी २०२१ साली हिंदू आणि शीख कुटुंबांना अस्थी विसर्जनासाठी अधिकृत जागा मिळाली. ती आपोआप मिळाली नाही. लोक वर्षानुवर्षं सभांना गेले, अर्ज केले, नदीच्या नियमांची माहिती काढली, रोइंग क्लबशी बोलले. जिथे आपली राख वाहणार, तिथल्या बसथांब्याच्या छपराबद्दल आपलं मत असायला काय हरकत आहे?

व्यवहाराचं थोडं सांगते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं.

मत द्यायला ब्रिटिश पारपत्र लागत नाही. राष्ट्रकुलातले नागरिक म्हणून भारतीय पारपत्रावर इथे कायदेशीर राहणाऱ्यांना मतदार नोंदणी करता येते, आणि वेल्समध्ये स्थानिक निवडणुकीचं मत १६ व्या वर्षापासून आहे. घरातल्या मुलांनाही सांगा. उभं राहायला १८ वर्षं पूर्ण हवीत. कायमस्वरूपी राहण्याची परवानगी असलेला भारतीय नागरिक उभा राहू शकतो. त्या गावचे मतदार असाल, किंवा वर्षभर तिथे किंवा तिथून ३ मैलांच्या आत राहत असाल, किंवा तुमचं मुख्य काम तिथे असेल, तर पात्र आहात. अनामत रक्कम नाही. पक्षाचं तिकीट लागत नाही. गावात बहुतेक जण अपक्षच असतात. मानधन म्हणाल तर वर्षाला १५६ पौंड घरखर्चापोटी आणि ५२ पौंड कागद-शाईपोटी.

सगळ्या वेल्सभर पुढची निवडणूक ६ मे २०२७ ला आहे. पण तोवर थांबायचं कारण नाही. २०२२ साली कित्येक गावांत जागांएवढेसुद्धा अर्ज आले नव्हते. मध्येच जागा रिकामी झाली की सूचना लागते. दहा मतदारांनी मुदतीत पोटनिवडणूक मागितली नाही तर कौन्सिल स्वतः सदस्य निवडते. अशी सूचना कौन्सिलच्या संकेतस्थळावर आणि फलकावर असते. कार्डिफ शहराच्या बहुतेक भागात कम्युनिटी कौन्सिल नाही, पण रॅडर, पेंटिर्ख, लिझवेन इथे आहे, स्वॉन्सीजवळ मंबल्सला आहे, आणि आपले पुष्कळ डॉक्टर तिथेच राहतात.

सदस्य व्हायचं नसेल तर नुसतं जाऊन बसा. सभा सगळ्यांना खुली असते, तीन दिवस आधी सूचना लावावीच लागते. २०२१ च्या कायद्याने तिथे आलेल्या नागरिकाला विषयपत्रिकेवरच्या विषयांवर बोलायची वाजवी संधी द्यावी लागते आणि घरून ऑनलाइन हजर राहण्याची सोयही ठेवावी लागते. रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना त्याचा उपयोग होईल. आणि आपल्यात हिशेब तपासनीस आहेत, संगणकवाले आहेत, रुग्णालयात पाळ्या लावणाऱ्या बायका आहेत. क्लार्कबाई ज्या गोष्टींशी रात्री अकरापर्यंत झगडतात त्या यांच्या हातचा मळ आहेत.

आमच्या कौन्सिलमध्ये सध्या दोन जागा रिकाम्या आहेत. सूचना बसथांब्याजवळच्या फलकावर लावली आहे, वर वेल्श, खाली इंग्रजी. आमच्या खोऱ्यात कुणी असाल तर या. सभा दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी साडेसातला गावच्या हॉलमध्ये असते. दार ओलाव्याने फुगलंय, जरा खांद्याने ढकलावं लागतं. आत डाव्या हाताच्या टेबलावर हेडफोन ठेवलेले असतात.

आपली,
टायवीकाठची एक मराठी रहिवासी